ओळखीपासून नात्यापर्यंत : समाजमाध्यमांवरचे लेखक आणि वाचक

मराठीत आज एखादा कवितासंग्रह आला की त्याची पहिली बातमी वर्तमानपत्रात नसते, फेसबुकवर असते. कवी स्वतःच मुखपृष्ठ टाकतो, प्रकाशनपूर्व सवलतीची किंमत आणि मोबाइल नंबर देतो. यूपीआयने पैसे येतात, सही केलेली प्रत कुरिअरने सांगलीहून नांदेडला जाते, आठवड्याभरात पुस्तक हातात धरलेल्या वाचकाचा फोटो येतो आणि त्याखाली अभिनंदनाची रांग लागते. हजार प्रतींची आवृत्ती हा मराठी प्रकाशनाचा वर्षानुवर्षांचा प्रघात होता. आता तीनशे-पाचशे प्रती छापून पुस्तक काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा प्रती अशाच, लेखकाच्या ओळखीपाळखीतून जातात.

हा झाला व्यवहार. त्यातून माणसे एकमेकांच्या किती जवळ येतात, हा खरा प्रश्न आहे. समाजमाध्यमांनी साहित्याचे वाटोळे केले असे म्हणणारे आहेत, आणि लेखक-वाचकांमधले सगळे अंतर मिटले असे म्हणणारेही आहेत. गेल्या वीस-बावीस वर्षांचा अनुभव दोघांनाही खोटे पाडतो. नाती जुळली आहेत, काही फार खोल जुळली आहेत. पण ती आपण जिथे शोधतो तिथे सहसा सापडत नाहीत. लेखक आणि त्याचे हजारो अनुसारक यांच्यात बहुधा ओळखच राहते. खरी जवळीक होते ती वाचक आणि वाचक यांच्यात, किंवा लेखक आणि मोजक्या दहा-पंधरा माणसांच्यात. तीही लिहिलेला मजकूर बोलण्याच्या मध्यभागी असतो तोवरच टिकते.

लेखकाशी बोलावे ही वाचकाची ओढ जुनीच आहे. र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७मध्ये सुरू झाले आणि १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ते चालवले. घरात, मित्राजवळ, डॉक्टरकडेही लैंगिक बाबींतले जे विचारायची सोय नव्हती ते लोक कर्व्यांना पत्राने विचारत आणि कर्वे मासिकात त्याचे रोखठोक उत्तर देत. १९३४मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला, तरी मासिक थांबले नाही. वाचकाशी खाजगीतले बोलण्याचा लेखकाचा हक्क मराठीत न्यायालयापर्यंत जाऊन मांडला गेला आहे, हे आज आठवायला हवे. नाव न सांगता मनातले विचारता येणे आणि समोरच्याने ते गांभीर्याने घेणे या दोन गोष्टींवर ते नाते उभे होते.

दुसरे उदाहरण जी. ए. कुलकर्णींचे. धारवाडला इंग्रजी शिकवणारा, सभासमारंभ टाळणारा, सहसा कुणाला न भेटणारा हा लेखक. पण त्यांनी पत्रे एवढी लिहिली की मृत्यूनंतर त्यांचे खंड निघाले. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकांच्या एका पिढीने ती कादंबरीसारखी वाचली. या पत्रव्यवहारात भेटी थोड्या आणि मजकूर अफाट आहे. पुस्तके, चित्रे, माणसे, मृत्यू, सगळ्यावर दोघे सविस्तर लिहितात, वाद घालतात, थांबतात, पुन्हा लिहितात. जवळीक व्हायला समोरासमोर बसावेच लागते असे नाही, याचा याहून भक्कम पुरावा मराठीत नसेल. तिकडे ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची पत्रे लेखकांना घडवत होती. कथा परत यायची, सोबत ती कुठे फसली हे सांगणारे पत्र यायचे. १९८२मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडले तेव्हा मराठीने एका मासिकासोबत सावकाश, विचार करून उत्तर देण्याची ही सवयही बरीच गमावली. समाजमाध्यमांची कसोटी लावायची तर या तीन नमुन्यांवर लावावी. त्यांत मोकळेपणा होता, सातत्य होते आणि मजकुराबद्दलचा प्रामाणिकपणा होता.

इंटरनेटवर मराठी आली ती अडखळत. ज्याचा त्याचा फाँट वेगळा. एकाने टंकलेले दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोन होऊन उमटायचे. त्या काळात, १९९६च्या गणेशचतुर्थीला, ‘मायबोली’ सुरू झाली. पुढे यूनिकोड रुळले तसे ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’ असे अड्डे उभे राहिले. इथे माणसे टोपणनावांनी वावरत. कॅलिफोर्नियातला संगणक अभियंता आणि डोंबिवलीतली बँक कर्मचारी एकाच कथेखाली भांडत, मग एका पावसाळ्यात वर्षाविहाराला किंवा कट्ट्याला प्रत्यक्ष भेटत आणि तिथेही एकमेकांना टोपणनावानेच हाक मारत. यातले बहुतेक लोक लेखकही होते आणि वाचकही. आज मी तुमचे वाचतो, उद्या तुम्ही माझे वाचाल, अशी बरोबरी होती. मराठी संस्थळांच्या त्या दिवसांत जी मैत्री झाली तिने पुढे आजारपणे काढली, मुलांची लग्ने पाहिली. मला त्या दिवसांची सर्वांत मोलाची देणगी हीच वाटते की वाचणारा आणि लिहिणारा यांच्यात पायरीचा फरक नव्हता.

फेसबुक २००६मध्ये सर्वांसाठी खुले झाले, पण मराठी घराघरांत ते पोचले स्मार्टफोनसोबत. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७मध्ये गूगलने मराठीत बोलून टंकण्याची सोय दिली. ही दुसरी गोष्ट लहान वाटते, पण तिचा परिणाम मोठा आहे. ज्यांचे हात कळफलकावर बसत नाहीत अशा सत्तरीतल्या वाचकांनी तिच्या जोरावर लेखकांना दीर्घ संदेश पाठवायला सुरुवात केली. विरामचिन्हे नसलेले, मधेच भलता शब्द घुसलेले हे संदेश वाचणे म्हणजे वाचकाचा आवाज ऐकणेच असते.

या माध्यमाने नवे काय दिले, तर भूगोल मोडला. पुणे-मुंबईच्या संपादकाच्या टेबलापर्यंत ज्यांची पोच नव्हती ते गडचिरोलीतून, तुळजापुरातून, नंदुरबारमधून थेट लिहू लागले. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली या बोलींतले लेखन, ज्याला छापील मासिकांत संवादापुरतीच जागा मिळे, ते सलग आणि अभिमानाने प्रसिद्ध होऊ लागले. आपल्या आजीच्या तोंडची भाषा पडद्यावर वाचून पुण्यात नोकरी करणारा धुळ्याचा मुलगा लेखकाला जे लिहितो, त्यात साहित्यचर्चा कमी आणि ओळख पटल्याचा आनंद जास्त असतो. अशा नात्याची किंमत समीक्षकांनी ओळखलेली नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये दाखवून दिले होते की माणसाला नवी नोकरी, नवी माहिती मिळते ती बहुतेक वेळा जिवलगांकडून नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून. सैल धाग्यांनी बांधलेली ही माणसेच लेखकाला प्रकाशक मिळवून देतात, पुस्तक दुसऱ्या जिल्ह्यात पोचवतात, आजारी कवीच्या उपचारांसाठी पैसे उभे करतात. ओळखीला नाते म्हणू नये, पण तिला तुच्छही लेखू नये.

ओळख आणि नाते यांतला घोटाळा मात्र खरा आहे, आणि तो समाजमाध्यमांच्या आधीचा आहे. १९५६मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदकांविषयी एक निबंध लिहिला. प्रेक्षकाला तो निवेदक आपला वाटू लागतो, त्याच्या सवयी, त्याचे हसणे परिचयाचे होते, आणि निवेदकाला मात्र या प्रेक्षकाचे अस्तित्वही ठाऊक नसते. या एकतर्फी जवळिकीचे त्यांनी केलेले वर्णन आजच्या लेखक-वाचकांना तंतोतंत लागू पडते. लेखिकेचा सकाळचा चहा, तिची मांजर, तिच्या आईचे दुखणे हे सगळे वाचकाला ठाऊक असते. तो मनाने तिच्या घरात वावरत असतो. आणि एके दिवशी ती त्याच्या संदेशाला उत्तर देत नाही तेव्हा त्याला खराखुरा अपमान वाटतो. इथे चूक दोघांचीही नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीनुसार माणूस साधारण दीडशे माणसांशी अर्थपूर्ण संबंध राखू शकतो. फेसबुक पाच हजार मित्रांची मुभा देते. पाच हजारांतल्या प्रत्येकाला आपण त्या दीडशेत आहोत असे वाटणे, ही या माध्यमाची सर्वांत मोठी फसगत आहे.

या फसगतीतून वाट काढलेले जे उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते अमेरिकेतले आहे. कुमारवयीन वाचकांसाठी कादंबऱ्या लिहिणारा जॉन ग्रीन आणि त्याचा भाऊ हँक यांनी १ जानेवारी २००७पासून एक प्रयोग केला. वर्षभर एकमेकांना लेखी काही पाठवायचे नाही. यूट्यूबवर आळीपाळीने चित्रफिती टाकून बोलायचे. दोन भावांचा हा खाजगी संवाद हजारो मुलामुलींनी ऐकला आणि त्यांचा एक समुदाय तयार झाला. जॉनच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ या २०१२मध्ये आलेल्या कादंबरीच्या पहिल्या छपाईच्या दीड लाख प्रतींवर त्याने स्वतः सह्या केल्या. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण दीड लाख सह्यांनी दीड लाख नाती होत नाहीत. मला महत्त्वाची वाटते ती एस्थर अर्लची हकीकत. मॅसॅच्युसेट्समधली ही मुलगी थायरॉइडच्या कर्करोगाने आजारी होती, फार बाहेर पडू शकत नव्हती. त्या समुदायातून तिला तिच्या वयाचे मित्रमैत्रिणी मिळाले आणि ती त्यांच्याशी ऑनलाइन तासन्तास बोलत असे. जॉनशी तिची ओळख २००९मध्ये एका संमेलनात झाली आणि मैत्री झाली. २०१०च्या ऑगस्टमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी ती गेली. जॉनने ती कादंबरी तिला अर्पण केली. एका वाचकाशी झालेली खरी मैत्री लेखकाच्या पुस्तकात उतरली, हे तर झालेच. पण एस्थरला रोज आधार दिला तो तिच्यासारख्याच वाचकांनी. लेखक हे त्यांच्या एकत्र येण्याचे निमित्त होते. कुठल्याही लेखकाने यात कमीपणा मानू नये. आपल्या पुस्तकामुळे दोन अनोळखी माणसे एकमेकांची झाली, याहून मोठे यश लेखकाला कुठले हवे?

मराठी वाचकांच्या फेसबुक समूहांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वाचनगटांत याच जातीचे काहीतरी चालू आहे, आणि ते ‘साहित्यविश्व’ म्हणवणाऱ्यांच्या नजरेआड आहे. चंद्रपूरची एक शिक्षिका विचारते, अमुक कादंबरी बाजारात नाही, कुणाकडे आहे का? कोल्हापूरचा कुणी सांगतो, माझ्याकडे वडिलांची प्रत आहे, टपालाने पाठवतो, परत करा. तिसरा सांगतो, लेखक आम्हाला शाळेत शिकवायला होते. त्या तिघांत मग कादंबरी संपल्यावरही बोलणे सुरू राहते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात हिंडून किंवा रद्दीच्या दुकानात बसून जे पुस्तक मिळायचे ते आता माणसासकट मिळते. चांगल्या वाचनगटांचे नियम कडक असतात : सुप्रभातची चित्रे नकोत, फॉरवर्ड नकोत, राजकारण नको, आठवड्याला एकच कथा, आणि बोलायचे ते वाचून. व्हॉट्सअ‍ॅपने गटाची मर्यादा आता १०२४ माणसांपर्यंत नेली आहे, पण ज्या गटांत खरोखर बोलणे होते ते तीस-चाळीसांच्या पुढे क्वचितच जातात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, ग्रंथालयांची दारे बंद झाली, तेव्हा अशा गटांनी पुस्तकांची तहान भागवली. लोक एकमेकांना फोनवरून वाचून दाखवत होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो रात्रीचा अर्धा तास हाच दिवसाचा मुक्काम होता.

याच्या जोडीने पडद्याबाहेरचा एक प्रयोग पाहावा. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना चालवली. पुस्तकांची पेटी वाचकांच्या एखाद्या गटाकडे द्यायची, गटाने ती आपसात वाचायची, मग पेट्यांची अदलाबदल करायची. महाराष्ट्रात आणि परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंतही या पेट्या गेल्या. तिथेही मर्म तेच : लहान गट, हातात पुस्तक, आणि परतून भेटण्याचे निमित्त. समाजमाध्यमाचा उपयोग या तिन्ही गोष्टींसाठी केला तर ते फळते.

‘प्रतिलिपी’सारख्या मंचांचा विचार वेगळा करायला हवा. बंगळुरूला २०१४मध्ये सुरू झालेल्या या मंचावर अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, कथामालिका भागाभागाने प्रसिद्ध होतात आणि प्रत्येक भागाखाली वाचक लगोलग मत देतात. नायिकेने नवऱ्याला सोडावे की नाही यावर वाचकांत तट पडतात आणि पुढचा भाग लिहिताना लेखिकेला ते ठाऊक असते. रसिक मंडळी या लेखनाकडे नाक मुरडतात. मला ते अन्यायाचे वाटते. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९०पासून क्रमशःच आली होती. हप्त्याहप्त्याने लिहिणे आणि वाचकाने पुढच्या अंकाची वाट पाहणे ही मराठी कादंबरीच्या बाळपणाची रीत आहे. प्रतिलिपीवर लिहिणाऱ्या कितीतरी स्त्रिया दुपारच्या कामातून वेळ काढून लिहितात आणि तशाच स्त्रिया वाचतात. त्या परस्परांना जे लिहितात त्यात शैलीची चर्चा नसेल, पण “माझ्याही घरी असेच झाले” हे असते, आणि तिथून बोलणे सुरू होते. धोका एवढाच की वाचकांना हवे तेच द्यायची सवय लागली की लेखकाचा स्वतःचा आवाज हरवतो. जो लेखक वाचकाला कधीच नाराज करत नाही त्याचे वाचकाशी नाते नसते, फक्त व्यवहार असतो.

अडचणींकडे आता सरळ पाहू. पहिली अडचण यंत्राची आहे. आपण टाकलेले कोणाला दिसावे हे आपण ठरवत नाही, कंपनीची गणितप्रणाली ठरवते. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकने जाहीर केले की यापुढे माणसामाणसांतला अर्थपूर्ण संवाद वाढवणारे लेखन वर आणले जाईल. ऐकायला हे आपल्या विषयाच्या सोयीचे होते. पण २०२१मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली तेव्हा कळले की २०१७पासून काही काळ रागाच्या चिन्हाला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले जात होते. ज्या लेखनाने माणसे चिडतील ते जास्त फिरणार, असा त्याचा अर्थ. शांतपणे लिहिलेली दहा ओळींची पुस्तकओळख तळाला जाते आणि एखाद्या पुरस्कारावरचे भांडण आठवडाभर वर राहते. दुव्यामुळे पोस्ट दाबली जाते या भीतीने मराठी लेखक आता “लिंक पहिल्या कमेंटमध्ये” असे लिहितात. माणसाने यंत्राला वळसा घालून माणसापर्यंत पोचायची ही धडपड पाहून वाईट वाटते.

दुसरी अडचण आपली आपणच केलेली आहे. कंपूशाही मराठीत नवी नाही, पण समाजमाध्यमांनी तिला वेग दिला. मी तुमच्या कवितेखाली ‘अप्रतिम’ लिहितो, तुम्ही माझ्या. पाच मिनिटांत दिलेली ही दाद वाचून दिलेली नसते हे दोघांना ठाऊक असते. वर्तमानपत्रांतली पुस्तक-परीक्षणांची जागा आक्रसत गेली त्याच वर्षांत ही दाद वाढत गेली, आणि नव्या लेखकाला खरे काय ते सांगणारे कुणी उरले नाही. सत्यकथेच्या परत आलेल्या पाकिटात जे मिळत असे ते शंभर ‘अप्रतिम’मध्ये मिळत नाही. “तुमची कथा मला शेवटी पटली नाही, कारण...” असे इनबॉक्समध्ये लिहिणारा वाचक हा लेखकाचा मित्र असतो. अशा माणसाला जपावे.

तिसरी अडचण स्त्रियांची आहे आणि तिच्यावर पुरेसे बोलले जात नाही. कवयित्रीने प्रेमावर कविता लिहिली की तिच्या इनबॉक्सात रात्री साडेअकराला ‘जेवलात का?’ सुरू होते. कविता हे आमंत्रण आहे असा समज करून घेणारे वाचक सुशिक्षित असतात, वयाने मोठे असतात, कधी स्वतः लेखक असतात. परिणाम असा की पुष्कळ लेखिका अनोळखी वाचकाचे संदेश उघडतच नाहीत, आणि ज्या वाचकाला खरोखर काही सांगायचे असते त्याचेही पत्र त्या ढिगात न वाचता राहते. लेखिका आणि वाचक यांच्यात जवळीक व्हावी असे ज्यांना वाटते त्यांनी आधी हा उपद्रव थांबवण्यासाठी उघडपणे बोलले पाहिजे. समूहांच्या अ‍ॅडमिननी अशा माणसांना काढून टाकण्याचा नियम केला पाहिजे आणि तो पाळला पाहिजे.

चोरीचा प्रश्नही नात्याचाच आहे. एखादा ललित लेख व्हॉट्सअ‍ॅपवर नाव खोडून फिरतो आणि आठवड्याने लेखकाच्याच घरच्या गटात ‘साभार’ म्हणून येतो. दुसरीकडे कुणाच्याही ओळी पु. ल., व. पु. किंवा कुसुमाग्रजांच्या नावावर खपवल्या जातात. नाव खोडले की वाचकाचा लेखकापर्यंत जाणारा रस्ताच तोडला जातो. आवडलेल्या मजकुराखाली नाव नसेल तर ते शोधल्याशिवाय पुढे पाठवू नये, एवढी शिस्त प्रत्येक वाचक स्वतःला लावू शकतो.

गर्दी लेखकावर उलटते तेव्हा काय होते, हेही आपण पाहिले आहे. तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’ या २०१०च्या कादंबरीतली पाने संदर्भ तोडून वाटली गेली, गावात निदर्शने झाली, आणि जानेवारी २०१५मध्ये मुरुगन यांनी आपल्यातला लेखक मेला असे फेसबुकवर जाहीर केले. जुलै २०१६मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहू लागले. मधल्या काळात देशभरच्या वाचकांनी त्यांच्या पुस्तकांची वाचने केली, त्यांच्या बाजूने लिहिले. पुस्तक न वाचता चिडलेले आणि वाचून पाठीशी उभे राहिलेले, दोन्ही प्रकारचे लोक एकाच काळात होते. अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी जून २०२३मध्ये रशियात घडणारी आपली कादंबरी प्रसिद्ध होण्याआधीच मागे घेतली, कारण गुडरीड्स या वाचकांच्या संस्थळावर शेकडो लोकांनी ती न वाचता तिला एक तारा दिला होता. त्यात युक्रेनी वाचकांची वेदना खरी होती, पण पुस्तक अजून कुणाच्या हातात आलेलेच नव्हते. या दोन्ही प्रसंगांतून मी एक निकष काढतो : वाचलेल्या माणसाचा राग हे नात्याचेच एक रूप आहे, न वाचलेल्याचे प्रेमसुद्धा नाही.

मग हे माध्यम चांगल्या रीतीने कोण वापरते? मला मराठीत कविता महाजन आठवतात. ‘ब्र’ आणि ‘भिन्न’ लिहिणाऱ्या या लेखिकेने फेसबुकवर सातत्याने लिहिले, मोकळे लिहिले, आणि इतरांचे वाचून त्यावरही लिहिले. सप्टेंबर २०१८मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांना कधीही न भेटलेल्या माणसांना घरचे कुणी गेल्यासारखे वाटले. त्या स्वतःच्या पुस्तकांची जाहिरात करणाऱ्या लेखिका म्हणून लोकांना आठवत नाहीत, बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या म्हणून आठवतात. ज्या लेखकांचे वाचकांशी खरे जुळते त्यांच्यात हा समान गुण दिसतो. ते दुसऱ्यांच्या पुस्तकांवर स्वतःच्या पुस्तकांइतकेच लिहितात. सगळ्यांना उत्तर देत नाहीत, पण ज्याला देतात त्याला मनापासून देतात. वाचकाने दाखवलेली चूक दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतात आणि त्याचे नाव घेतात. आपले दुःख किती उघडे करायचे याची रेघ ते स्वतः ठरवतात. आणि लिहायला बसतात तेव्हा फोन बंद ठेवतात, कारण चांगले पुस्तक दिले नाही तर बाकीचे सगळे निष्फळ आहे हे त्यांना ठाऊक असते.

संस्थांनी अजून यात फारसे काही केलेले नाही. साहित्य महामंडळ, विभागीय साहित्य संघ, जिल्हा ग्रंथालये यांची पाने आहेत, पण त्यांवर हारतुऱ्यांचे फोटो दिसतात. तालुक्याच्या ग्रंथालयाने आपल्या सभासदांचा एक लहान वाचनगट केला, महिन्याला एक पुस्तक निवडले आणि शेवटच्या रविवारी त्या लेखकाला पाऊण तास व्हिडिओवर बोलावले, तर खर्च जवळजवळ शून्य आहे. प्रवासखर्च, मानधन, हॉलचे भाडे यांच्या अभावी ज्या गावात लेखक कधीच गेला नसता तिथल्या वीस माणसांनी त्याला प्रश्न विचारलेले असतील. त्या वीस जणांतून एखादा लिहू लागेल. आयतीच पायाभूत व्यवस्था हाताशी आहे; मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याच्या आनंदात हे साधे काम राहून जाऊ नये.

वाचकांना माझी विनंती आहे. तुम्ही अलीकडे वाचलेल्या, फारशी चर्चा न झालेल्या एखाद्या मराठी पुस्तकाच्या लेखकाला या आठवड्यात लिहा. ‘अप्रतिम’ लिहू नका. कुठल्या पानावर थांबलात, काय पटले नाही, कुणाची आठवण झाली, ते लिहा. फेसबुकवर असेल तर तिथे, नसेल तर पुस्तकात छापलेल्या पत्त्यावर किंवा प्रकाशकाकडे. आणि तेच पुस्तक आणखी कुणी वाचले आहे का, हे आपल्या गटात विचारा.